देवाजींच्या न्हाणीतली दांडी

१

सोमवारी सकाळी सहा वाजता नंदनवन वस्तीतल्या गजभियेंच्या घरी मागच्या न्हाणीतून धाडकन आवाज आला आणि पाठोपाठ एकच हाक, "माय वं!"

प्रेमिला चहाचं आधण तसंच टाकून धावली. आतून कडी लावायची नाही असं तिनंच बजावलेलं असल्यामुळे दार ढकलल्याबरोबर उघडलं. तिचे वडील, ब्याऐंशी वर्षांचे देवाजी, नव्याकोऱ्या फरशीवर उजव्या कुशीवर पडले होते. बादली कलंडली होती आणि कोमट पाणी जाळीकडे वाहत होतं. त्यांच्या मुठीत आधाराची स्टीलची दांडी होती. शुक्रवारीच भिंतीत बसवलेली ती दांडी दोन्ही टोकांच्या चकत्यांसकट उपटून आली होती.

"बाबा, सोडा ते. दांडी सोडा."

त्यांना सोडता येईना. प्रेमिलानं एकेक बोट उलगडून ती काढून घेतली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. बुधवारी ऑपरेशन झालं, ते नीट झालं. पण त्या तीन दिवसांत जो भेटायला आला तो एकच वाक्य बोलून गेला: वय झालं त्यांचं. डॉक्टर म्हणाले, शेजारचे मनोहरराव म्हणाले, कन्हानहून आलेले नातेवाईक म्हणाले. प्रेमिलाचा धाकटा भाऊ अंकुश तर मान खाली घालून दिवसातून चारदा म्हणाला, "वयच झालं न ताई, कोन काय करीन?"

प्रत्येक वेळी प्रेमिलाची कानशिलं तापत. ती साठीची. लग्न केलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं एका सरकारी ऑफिसात कारखान्यांतल्या अपघातांचे अहवाल टाइप करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. साहेब बदलत, कारखाने बदलत, पण अहवालातली शेवटची ओळ बदलत नसे: कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. कोणाचा हात गेलेला असो नाहीतर जीव, दोष त्याचाच. ती ओळ टाइप करताना ती बटणं इतकी जोरात हाणायची की कागदाला मागून फोड यायचे. तिचा राग ऑफिसात प्रसिद्ध होता, गल्लीत प्रसिद्ध होता आणि घरात तर त्याला सगळे जपूनच असत.

आता तीच ओळ तिच्या बापाच्या नावापुढे लिहिली जात होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बापानं ती मान्य केली होती.

"माह्या हातात जोर नाही राहिला, प्रेमिला," देवाजी छताकडे पाहत म्हणाले. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस, पण आवाज पार बसलेला. पडतानाचं त्यांना धड आठवत नव्हतं. "धरता नाही आलं मले. आता घरी नको नेऊ. कुठी ठेवाचं तं ठेव."

त्यांनी समोरची खिचडी बाजूला सारली. कालही सारली होती, परवाही.

प्रेमिला उठली आणि सरळ घरी गेली.

२

न्हाणी तशी चार बाय सहाचीच. घर एक्क्याऐंशी सालचं. तेव्हाची खडबडीत शहाबादी, उकिडवं बसायचं भांडं आणि उंच उंबरठा. देवाजींचे गुडघे गेल्यापासून रोजची अंघोळ म्हणजे लढाई झाली होती. वर्षभर मागे लागून, कारागिरांपुढे स्वतः उभी राहून प्रेमिलानं ती नवी करून घेतली होती. कमोड, न घसरणारी फरशी, काढून टाकलेला उंबरठा, आणि भिंतीला दांडी. शुक्रवारी दांडी बसली. शनिवारी आरसा लागला आणि काम संपलं. सांध्यांत भरलेला मसाला सुकेपर्यंत, म्हणजे सोमवारपर्यंत, आत पाणी टाकायचं नव्हतं. सोमवारची अंघोळ ही त्या न्हाणीतली पहिली अंघोळ होती.

अपघातानंतर दांडी कोपऱ्यात पडून होती. प्रेमिलानं ती दारात उजेडाला आणली. दोन्ही टोकांना गोल चकत्या, एकेकीला तीन भोकं, आणि सहाही भोकांत स्क्रू अजून लोंबत होते. पिवळट रंगाचे, जेमतेम पाऊण इंचाचे. त्यांची डोकी कोणी दातांनी चावल्यासारखी खरवडली होती.

तिनं खराट्यातून एक काडी ओढली आणि भिंतीतल्या भोकात घातली. आत स्क्रू पकडून ठेवणारी प्लास्टिकची गिट्टी अजून घट्ट बसलेली होती. काडी जातच राहिली. बाहेर काढून मोजली तर साडेतीन इंच. दुसरं भोक तेवढंच, तिसरं तेवढंच. सहाही सारखी.

प्रेमिलानं काडी चकतीतल्या स्क्रूशेजारी धरली.

वरची टाईल आणि तिच्यामागचा मसाला मिळूनच इंचभर होतं. पाऊण इंचाचा स्क्रू विटेपर्यंत पोचलाच नव्हता. टॉवेल अडकवायलाही तो पुरला नसता. पण ज्यानं नऊ इंची भिंतीत साडेतीन इंच खोल, सरळ, एकसारखी सहा भोकं पाडली, त्यानं पाऊण इंचाचे स्क्रू कशाला लावले असते? इतकी मेहनत करून कोणी कामात खोट ठेवत नाही. कामचुकाराचं भोकही उथळच असतं.

म्हणजे भोकं एकाची होती आणि स्क्रू दुसऱ्याचे.

स्वयंपाकघरात अंकुशची बायको हर्षा दवाखान्यात न्यायला पपई कापत होती. "हा चाकू पाहा न ताई," ती वैतागून म्हणाली. "मागच्या महिन्यात तं घेतला. टोकच मोडून पडलं. आजकालच्या वस्तूत काही दम नाही."

"वस्तूत दम असते हर्षा," प्रेमिला म्हणाली. तिचा आवाज इतका थंड होता की हर्षानं वर पाहिलं. "दांडी कोनं तरी काढून परत लावली आहे."

३

दांडी बसवली होती जितेंद्रनं. वाठोड्याला राहणारा प्लंबर, वीस वर्षांचा अनुभव. बुधवारी देवाजींचं ऑपरेशन चालू असताना ठेकेदार पुष्कर बाहेर सगळ्यांसमोर सांगून गेला होता, "चूक जितेंद्रची. मी त्याले कामावरून काढून टाकलं."

जितेंद्र घराच्या ओट्यावर बसला होता. दुपारी बारा वाजता प्लंबर घरी असणं बरं लक्षण नव्हे. प्रेमिलाला पाहून तो उठला, पण या म्हणाला नाही.

"आनखी काही आयकवाचं राहिलं काय, मॅडम?"

"आयकवाले नाही, आयकाले आली. स्क्रू कोणते लावले होते तू?"

"तीन इंची. स्टीलचे. साडेतीनची भोकं घेतली मी." तो आत गेला आणि उरलेल्यांची पुडी घेऊन आला. लांब, पांढरे, जाड स्क्रू. "हे पाहा. मशीननं कसले. माह्या बापाच्या वयाचा मानूस धरनार होता ते. लकडगंजात आता पोरं हासून राहिले मले, की जितेंद्रची दांडी मुठीत येते म्हनून. चार दिवसांपासून एक फोन नाही आला कामाचा."

तेवढ्यात समोरच्या घरातून भागीरथाबाई आली. पन्नाशीची, काटक, बांधकामावर रेजा म्हणून वीटमाती वाहून खांदे रुंद झालेले. याच कामावर तीही होती.

"खरं बोलते तो," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "शुक्रवारी दांडी लावली तवा मी लोंबकळली तिले. दोन्ही पाय उचलून. जितेंद्र म्हने, उतर वं बाई, भिंत पाडशीन. हालली नाही ते. केसभर नाही. अन् म्हातारा कितीक वजनाचा? माह्या अर्धा."

"मग बुधवारी तुम्ही दोघं काहून नाही बोलले?"

"कोनं इचारलं आमाले?" भागीरथा उसळली. "साहेब लोकायनं ठरवून टाकलं, संपलं!"

प्रेमिलानंही इतके दिवस विचारलं नव्हतंच. ती ओट्यावर बसली. "शनिवारी काम संपल्यावर तुला परत बोलावलं होतं कोणी?"

जितेंद्रनं कपाळाला आठ्या घातल्या. "शनिवारी नाही. रविवारी संध्याकाळी पुष्करभाऊचा फोन आल्ता. म्हने, सोमवारी दहा वाजता नंदनवनले जाजो, अर्ध्या घंट्याचं काम आहे, मशीन घेऊन जाजो. अन् सोमवारी नऊ वाजता परत फोन. म्हने, नको जाऊ, तुही दांडी पडली."

"काम काय होतं, सांगितलं?"

"नाही. मीबी मनात म्हनलं, काम तं संपलं. आता काय राहिलं तिथी?"

काम संपलं होतं, करायचं काहीच उरलं नव्हतं. आणि तरी रविवारी संध्याकाळी, म्हणजे देवाजी पडायच्या बारा तास आधी, पुष्करला माहीत होतं की त्या न्हाणीत मशीन लागणार आहे.

४

पुष्करचं दुकान लकडगंजात होतं. काचेमागे चकाकणारे नळ, आणि आत गार हवेत तो स्वतः, इस्त्रीच्या शर्टात.

"ताई, जय भीम! काका कसे आहेत?"

"जेवत नाहीत. रविवारी संध्याकाळी जितेंद्रला फोन काहून केला होता?"

पुष्करचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळे हलले. "रुटीन ताई. काम झाल्यावर चेकिंग करतो आम्ही. कस्टमर सर्व्हिस."

"चेकिंगला ड्रिल मशीन लागते?"

"अशा लोकांचं काय आयकता तुम्ही? स्वतःची चूक झाकून राहिला तो."

"त्याची भोकं साडेतीन इंचाची आहेत. मी मोजली." प्रेमिला काउंटरवर वाकली. "तुम्ही किंवा तुमचं माणूस शनिवारनंतर आमच्या घरी आलं होतं काय?"

"नाही."

"नक्की?"

"ताई, घराले कुलूप होतं न रविवारी. तुम्ही सगळे तं कन्हानले गेले होते. कसे येऊ आम्ही?"

दोन गिऱ्हाइकं वळून पाहू लागली होती. पुष्कर हळूच म्हणाला, "शांत व्हा ताई. बीपी वाढते अशानं. वय झालं काकांचं, मान्य करा."

प्रेमिलानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकला. ती बाहेर पडून रस्त्यावर आली. ती दोन दुकानं ओलांडून गेली आणि मग थबकली.

रविवारी ते कन्हानला गेले होते हे खरं होतं. भाचीच्या बाळाचं नामकरण होतं. ती, बाबा आणि हर्षा. अंकुश कॉलेजात काम आहे सांगून मागे राहिला होता. रात्री तिथंच राहायचं ठरलं होतं, पण बाबांना घरची ओढ लागली. सोमवारी नव्या न्हाणीत अंघोळ करायची म्हणून ते लहान मुलासारखे हटून बसले, आणि तिघं संध्याकाळी सातला परत आले.

पण घराला कुलूप होतं, हे पुष्करला कोणी सांगितलं?

पिशवीत फोन वाजला. अंकुशची मुलगी दीक्षा पुण्याला शिकत होती; परीक्षा चालू असल्यानं तिला आजोबांचं अजून कळवलं नव्हतं. तिचा निरोप होता, खाली एक व्हिडिओ: "आत्या!! आपली न्हाणी फेमस झाली! पप्पा तर हीरो!"

५

व्हिडिओ पुष्करच्या दुकानानं टाकलेला, पाऊण मिनिटाचा होता. प्रेमिलानं तो फुटपाथवर उभ्या उभ्या पाहिला. मग रसवंतीच्या बाकावर बसून पुन्हा, आणि तिसऱ्यांदा.

आधी जुनी न्हाणी, काळवंडलेली. मग संगीत, आणि नवी. चकचकीत नळ, आरसा, आरशाच्या कडेला मावळतीकडच्या झरोक्यातून आलेलं पिवळं ऊन. वरून गोड आवाजात एक बाई सांगत होती: "चोवीस चौरस फुटांत कायापालट! एका मुलानं आपल्या वडिलांना दिलेली प्रेमाची भेट!"

शेवटी अंकुश. नव्या न्हाणीच्या दारात, घडीच्या शर्टात, हात जोडून हसणारा.

मुलानं दिलेली. प्रेमिलाला हसू आलं, पण ते हसू नव्हतं. ज्या माणसाला कामाच्या बारा दिवसांत टाईलचा रंग कोणता आहे हे ठाऊक नव्हतं, तो.

पण ते नंतर. तिनं स्वतःला बजावलं, आधी भिंत बघ. जिथं दांडी असायला हवी होती तिथं पांढरा टॉवेल टांगला होता आणि त्याच्या कडेनं वेलीची हिरवी पानं सोडली होती. दांडी नव्हतीच. आरसा होता. आरसा शनिवारी संध्याकाळी लागला आणि दांडी शुक्रवारी. म्हणजे हे चित्रण शनिवारनंतरचं, आणि बसलेली दांडी काढून केलेलं. झरोक्यातून ऊन येतं ते दुपारी चारनंतर. सोमवारपासून बाबा दवाखान्यात होते; तेव्हा अंकुश असा हसत दारात उभा राहिला नसता. उरला रविवार. कुलूप लावलेल्या घरात, दुपारी चार वाजता.

ती उठली आणि उलट पावली दुकानात गेली. या वेळी तिनं आवाज खाली ठेवला नाही. फोन पुष्करच्या नाकासमोर धरला.

"यात दांडी कुठी आहे?"

गिऱ्हाइकं आणि नोकर जवळ सरकले. पुष्करनं तिला आत यायची खूण केली. ती हलली नाही.

"इथंच बोला. बुधवारी जितेंद्रचं नाव चारचौघांतच घेतलं होतं न?"

पुष्करनं रुमालानं मान पुसली. "ताई... दांडी फोटोत दवाखान्यासारखी दिसते. लोक पाहत नाहीत असे व्हिडिओ. म्हनून काढली एक घंट्यासाठी. अंकुशभाऊंनी किल्ली दिली, तेच होते तिथी. परत लावाले वेळ नव्हता, दुसरीकडे जायचं होतं. लांब स्क्रू आमच्या पेटीत आले. दांडी बादलीत उभी करून ठेवली अन् भाऊले सांगतलं, उद्या दहा वाजता जितेंद्र येईन, लावून देईन. तुम्ही तं सोमवारी दुपारी येणार होते न!"

"मग परत कोणी लावली?"

"आईशप्पथ ताई, मी नाही. मले तं सोमवारी समजलं की दांडी भिंतीवर होती. मीबी चक्रावलो."

"अन् तरी जितेंद्रचं नाव घेतलं."

"मले वाटलं... तुमच्या घरातलं मॅटर आहे."

त्याला न मारता प्रेमिला दुकानाबाहेर पडली. हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम असावं. पण तो खोटं बोलत नव्हता, हे तिला कळलं होतं. कारण ते खरवडलेले स्क्रू.

६

अपघातानंतरच्या रविवारी सकाळी तिनं अंकुशला आणि हर्षाला स्वयंपाकघरात बसवलं. टेबलावर दांडी ठेवली. शेजारी चाकू.

अंकुश अठ्ठेचाळीसचा. एका खासगी कॉलेजात कारकून. त्यानं दांडीकडे पाहिलंच नाही.

"स्क्रूची डोकी पाहा," प्रेमिला म्हणाली. "पेचकस ज्याच्याजवळ असते, त्याचे स्क्रू असे होत नाहीत. जितेंद्रजवळ मशीन आहे. पुष्करच्या माणसांजवळ पेटीभर सामान आहे. हे स्क्रू अशा माणसानं पिळले, ज्याच्याजवळ पेचकस नव्हता. हर्षा, या चाकूचं टोक कधी मोडलं?"

हर्षानं चाकूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "गेल्या रविवारी निघायच्या आधी मी यानंच लिंबाच्या बिया काढल्या होत्या," ती सावकाश म्हणाली. "तवा टोक होतं. संध्याकाळी आल्यावर नव्हतं."

"मी, तू अन् बाबा कन्हानला. पुष्करचे लोक पाच वाजता गेले. सातपर्यंत घरात एकच माणूस होता." प्रेमिलानं मुठीतून एक पिवळा स्क्रू टेबलावर टाकला. "अन् दीक्षाच्या टेबलाचं दार काल माझ्या हातात आलं. बिजागरीचे सहा स्क्रू नाहीत. हा सातवा. जुळवून पाहा."

कोणीच जुळवून पाहिलं नाही. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"तुम्ही फोन केला न, निघालो म्हनून," अंकुश शेवटी म्हणाला. आवाज फुटत होता. "सहा वाजता. मी न्हाणीत पाहिलं तं दांडी बादलीत. पुष्कर फोन नाही उचलून राहिला. तू येशीन, पायशीन, अन्..." त्याला पुढचं येईना. "लावून टाकली. फक्त दिसाले. सकाळी दहाले जितेंद्र येनारच होता. मी ठरवलं होतं, सकाळी उठलो की बाबाले सांगतो, आज नका जाऊ आत. सहाचा गजर लावला होता मी ताई! बाबा साडेपाचलेच उठले."

"रात्री काहून नाही सांगितलं? सात ते दहा आपण इथंच बसलो होतो. याच टेबलावर. बाबा तुला विचारून राहिले होते, गरम पाणी कोणत्या बाजूनं येते."

"तुह्या भेवानं!" तो ओरडला. "काय म्हनली असती तू? किल्ली दिली म्हनून, व्हिडिओत उभा राहिलो म्हनून! घर डोक्यावर घेतलं असतं. या घरात काही तुटलं की आपन सारे पहिले लपवतो, कारन तू आहेस!"

हर्षानं मान खाली घातली. ती नाही म्हणाली नाही.

प्रेमिलाला घाव वर्मी बसला होता. तो म्हणत होता ते अर्धं खरं होतं आणि त्या अर्ध्याचा हिशेब तिला स्वतःशी करावा लागणार होता. पण उरलेलं अर्धं टेबलावर पडलं होतं, पाऊण इंच लांबीचं.

"मी घर डोक्यावर घेतलं असतं," ती म्हणाली. "खरं आहे. तासभर ओरडली असती. अन् बाबा सोमवारी दोन पायांवर उभे असते. माझ्या एका तासाच्या ओरडण्यापेक्षा तुला बाबांचं हाड स्वस्त वाटलं काय रे?"

अंकुश रडू लागला.

"अन् त्यानंतर सहा दिवस? सहा दिवस कोणाचं भेव होतं? जितेंद्र घरी बसला. बाबांनी जेवण सोडलं. तू उशाशी बसून म्हणत राहिला, वय झालं." ती उठली. "तोंड धू. चल."

७

दवाखान्यात देवाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. अंकुश पलंगाशी उभा राहिला आणि पायांकडे बघत, तुकड्यातुकड्यांत सगळं सांगून मोकळा झाला. किल्ली, व्हिडिओ, चाकू, गजर. प्रेमिला दाराशी होती. तिनं एकही शब्द जोडला नाही की एकही गाळू दिला नाही. तो अडखळला की ती नुसती घसा खाकरायची.

संपलं तेव्हा देवाजींनी मान वळवली.

"म्हनजे मी सोडली नोती," ते म्हणाले.

"नाही बाबा," प्रेमिला म्हणाली. "तुमच्या मुठीतून मले काढता येत नोती."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत असं काही होतं, जे प्रेमिलानं लहानपणी एकदाच पाहिलं होतं. खाणीत कोसळलेल्या छताखालून दोघांना काढून आणल्यावर बाबा साहेबाच्या टेबलापुढे उभे होते, तेव्हा.

"सहा दिवस," देवाजी म्हणाले. आवाज अजून बारीक होता, पण त्याला धार आली होती. "सहा दिवस मी या हाताले शिव्या देऊन राहिलो. म्हनलं, याच हातानं गाडे ढकलले, अन् आता दांडी नाही धरता येत. मले मराव वाटे. अन् तू इथी बसून मले पपई चारत होता. चमच्यानं."

"बाबा, मी..."

"चूप! हाड मोडलं त्याचं काही नाही. हाडं खानीतबी मोडले. पन तू मले माह्याच नजरेतून पाडलं."

शेजारच्या पलंगावरचे नातेवाईक वळून पाहू लागले. देवाजींनी कोपरावर उठायचा प्रयत्न केला. प्रेमिला धावली, तिला त्यांनी हातानं थांबवलं आणि स्वतःच वर सरकले.

"त्या प्लंबरचं काय झालं?"

"काम गेलं त्याचं," प्रेमिला म्हणाली.

"मंग हा माह्यापाशी काहून उभा आहे? माफी मले मागू नोको अंकुश. मी बाप आहो, मी काय, देऊन टाकीन कधीतरी. आधी त्याच्याकडे जाय. जे मले सांगतलं ते त्याच्या दारात सांग." ते प्रेमिलाकडे वळले. "तू जाय याच्यासंगं. अर्ध्यातून पळून येईन हा. अन् जाता जाता त्या नर्सबाईले सांग, खिचडी आन म्हना. गरम."

वाठोड्याला पोचले तेव्हा अकरा वाजले होते. सुटीचा दिवस, गल्ली भरलेली. नळावर बायका, ओट्यांवर माणसं. जितेंद्र दारात येऊन उभा राहिला. समोरून भागीरथाबाई बाहेर आली आणि पदर खोचून भिंतीला टेकली.

"जितेंद्रभाऊ," अंकुश म्हणाला, "ते दांडीचं... तुमची चूक नोती. ते माह्याकडून..."

"आयकू नाही आलं," जितेंद्र म्हणाला.

अंकुशनं मागे वळून बहिणीकडे पाहिलं. प्रेमिलाचा चेहरा दगडासारखा होता. तिला भावाची दया येत नव्हती, आणि ती यावी असा प्रयत्नही ती करत नव्हती.

"तुमची चूक नोती," तो जरा मोठ्यानं म्हणाला.

"माह्यावर आळ घेतला तवा साऱ्या लकडगंजाले आयकू गेलं होतं," जितेंद्र म्हणाला. "हे मले एकट्यालेच काहून सांगून राहिले? नळावर आवाज जात नाही इथून."

नळाशी बादल्यांचा आवाज थांबला. कोणीतरी पाणी बंद केलं. अंकुशनं श्वास घेतला, मान वर केली, आणि तिसऱ्या खेपेला ते वाक्य न तुटता पूर्ण बाहेर पडलं. "दांडी जितेंद्रभाऊनं बरोबर लावली होती! ते मी काढू देली, मीच खोटी लावली, अन् माह्या बापाले मी पाडलं! मी अंकुश देवाजी गजभिये!"

पैलाडच्या ओट्यावरच्या एका म्हाताऱ्यानं विडी विझवली.

जितेंद्र त्याच्याकडे पाहत राहिला. हात पुढे केला नाही, बसा म्हणाला नाही. मग प्रेमिलाकडे वळून म्हणाला, "काकाले घरी कधी आनता, मॅडम?"

"दहा-बारा दिवसांत."

"मंग आजच येतो," तो म्हणाला, आणि ड्रिल मशीन आणायला आत गेला.